ठिगळ, गोधडी आणि जगाचा बाजार

पानिपत म्हटले की मराठी माणसाला 1761 आठवते. आज त्या गावात वेगळ्याच गोष्टीचे ढीग लागतात. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकून दिलेले कपडे जहाजाने कांडला बंदरात उतरतात आणि त्यांतले पुष्कळसे पानिपतच्या गोदामांत येऊन पडतात. तिथे ओळीने बसलेल्या बायका जमिनीवर उभ्या बसवलेल्या पात्यांवर ते फाडतात. बटणे वेगळी, चेन वेगळ्या, अस्तर वेगळे. मग रंगांप्रमाणे ढीग: लाल एकीकडे, निळे एकीकडे, काळे एकीकडे. ते यंत्रात पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात. रंग आधीच वेगळे केलेले असल्याने सूत नव्याने रंगवावे लागत नाही. या सुताला ‘शॉडी’ म्हणतात. त्याची जाडीभरडी ब्लँकेटे होतात. कुठे भूकंप झाला, पूर आला की मदतसंस्था वाटतात ती ब्लँकेटे बरेचदा हीच असतात.

या कामावर मेघना गुप्ता यांनी 2012 साली ‘अनरॅव्हल’ नावाचा एक छोटा माहितीपट केला. त्यातल्या कामगार बायका आपसांत एक तर्क करतात. धडधाकट, क्वचित किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेले कपडे तिकडचे लोक का टाकत असतील? तर तिकडे पाणी फार महाग असावे. इतके महाग, की कपडा धुण्यापेक्षा नवा घेणे त्यांना परवडत असेल.

हे ऐकून हसू येते. पण जरा थांबून पाहिले तर त्या बायकांचे चुकले कुठे? चांगला कपडा माणूस टाकतो त्यामागे काहीतरी नाइलाज असला पाहिजे, असे त्यांनी धरले. कंटाळा आला म्हणून टाकला, हे कारण त्यांच्या जगात बसतच नव्हते.

हल्ली ते आपल्या जगात बसू लागले आहे, म्हणून हा लेख. ‘सस्टेनेबिलिटी’ हा शब्द आता शाळेच्या परिपत्रकापासून साबणाच्या वेष्टनापर्यंत सगळीकडे दिसतो. मराठीत त्याला शाश्वतता म्हणतात, उर्दूत ‘पायदारी’. मी दोन्ही भाषा शिकवते आणि मला उर्दू शब्द जास्त आवडतो, कारण तो बाजारातल्या बाईलाही कळतो. कापडवाल्याकडे गेल्यावर आपण हेच तर विचारत आलो: कपडा पायदार आहे ना? रंग जाणार नाही ना?

पानिपतच्या त्या धंद्याचेही आता तितकेसे बरे नाही. जुने लोकरीचे कोट होते तोवर शॉडी छान निघत असे. आता येतात ते बहुतेक मिश्र धाग्यांचे कपडे. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यात निम्म्याहून अधिक एकटे पॉलिएस्टर आहे, आणि पॉलिएस्टर निघते खनिज तेलातून. कपडा अंगाला ताणून बसावा म्हणून त्यात लवचीक धागा घालतात. सूत, पॉलिएस्टर आणि हा लवचीक धागा एकदा एकत्र विणले की त्यांना वेगळे करणे कठीण. त्यातच चीनहून हलकी, मऊ फ्लीसची ब्लँकेटे आली आणि पानिपतच्या कित्येक कारखानदारांनी शॉडी सोडून तेच बनवायला घेतले. म्हणजे जुन्यातून नवे करण्याची एवढी मोठी व्यवस्था आपल्या देशात उभी होती, ती स्वस्त नव्यापुढे मागे हटली.

जे पानिपतला येत नाही ते कुठे जाते? घानाची राजधानी अक्रा येथे कांतामांतो नावाचा बाजार आहे. तिथे आठवड्याला सुमारे दीड कोटी जुने कपडे येतात असा अंदाज सांगितला जातो. स्थानिक भाषेत या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. पूर्वीच्या लोकांना वाटे, एवढा चांगला कपडा माणूस मेल्याशिवाय कोण देईल! पानिपतच्या बायकांचा आणि घानातल्या लोकांचा तर्क किती जवळचा आहे पाहा. तिथे पंचावन्न-पंचावन्न किलोंचे गठ्ठे डोक्यावर वाहणाऱ्या मुली आहेत, उसवून पुन्हा शिवणारे शिंपी आहेत, रंगारी आहेत, इस्त्रीवाले आहेत. हजारो कुटुंबे त्यावर जगतात. 2025 च्या पहिल्याच दिवशी रात्री तो बाजार पेटला आणि बराचसा जळून गेला. लोकांनी तो पुन्हा उभारायला घेतला. पण गठ्ठ्यात निघणारा जो कपडा दुरुस्तीच्याही लायकीचा नसतो, तो गटारांतून समुद्राला मिळतो आणि किनाऱ्यावर वाळूत दोरखंडासारखा गुंतून पडतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तर कपड्यांच्या टेकड्याच उभ्या राहिल्या, त्यांची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

आणि हा कपडा एवढा स्वस्त पडतो तरी कसा? त्याचे एक उत्तर ढाक्याजवळच्या सावर गावी 24 एप्रिल 2013 रोजी मिळाले. राणा प्लाझा या इमारतीला आदल्या दिवशी भेगा पडलेल्या दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक तरुण मुली. त्या शिवत होत्या ते कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी होते.

त्याच युरोपात आता वारे थोडे फिरले आहे. न खपलेले कपडे जाळून किंवा पुरून नष्ट करायला तिथे कायद्याने बंदी येत आहे. युरोपीय संघाने 2024 मध्ये तसा नियम केला आणि मोठ्या कंपन्यांना तो 2026 च्या जुलैपासून लागू व्हायचा ठरला. फ्रान्सने तर गंमतच केली. फाटलेला कपडा किंवा उसवलेला बूट दुरुस्त करून घेतला तर बिलातून सहा ते पंचवीस युरोंची सूट मिळावी, अशी योजना 2023 च्या अखेरीस सुरू केली. ठिगळ लावायला अनुदान! आपल्याकडे बाजारपेठेच्या कोपऱ्यात खाटेएवढ्या जागेत बसलेला रफूवाला हे ऐकेल तर त्याला खरे वाटणार नाही. त्याच्या मुलाने तो धंदा कधीच सोडला आहे आणि तो आता मोबाइलचे कव्हर विकतो.

‘रफू’ हा शब्द फारसीतून उर्दूत आणि तिथून मराठीत आला. ठिगळ आणि रफू यांत फरक आहे. ठिगळ दिसते. रफू करणारा त्याच कापडाचे धागे काढून भोकाभोवती ताणा-बाणा पुन्हा विणतो, आणि काम जितके चांगले तितके ते दिसेनासे होते. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शाली अशा दुरुस्त करत आले. वस्त्रकलावंत प्रिया रविश मेहरा यांनी त्यांच्यात जाऊन बरीच वर्षे काम केले. 2018 साली त्या वारल्या. ज्याचे काम दिसत नाही त्या कारागिराचे नावही कोणाला माहीत नसते, ही खंत त्यांनी लोकांसमोर आणली. शंभर-दीडशे वर्षांची शाल आपण संग्रहालयात पाहतो, विणकराला दाद देतो. ती एवढी टिकली ती मध्ये कोणीतरी तीन-चार वेळा रफू केली म्हणून.

मराठीत मात्र या शब्दांवर आपण अन्याय केला आहे. चिंधी म्हणजे हलकी वस्तू, चिंधीगिरी म्हणजे हलका स्वभाव, ठिगळ म्हणजे गरिबीची खूण. उर्दूतही ‘मखमल में टाट का पैवंद’ म्हणून पैवंदाला नावेच ठेवली. हे शब्द ऐकत वाढलेल्या मुलाला ठिगळाची लाज वाटली तर त्यात त्याचा काय दोष? आपल्या घरांत तरी तशी लाज वाटायचे कारण नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करीत, असे हजरत आयेशा (र.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी जी कामे सांगितली त्यांत आपले कपडे स्वतः शिवणे आणि आपली पादत्राणे स्वतः सांधणे होते. हजरत उमर (र.) खलिफा असताना त्यांच्या अंगरख्याला ठिगळे होती, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आणि त्याच मुलांना गुडघ्यावर ठिगळ असलेली पँट घालून शाळेत पाठवत नाही. मात्र कारखान्यात मुद्दाम फाडलेली जीन्स हजार-दीड हजाराला आणून देतो.

सर्जनशीलता, क्रिएटिव्हिटी, हा आजचा दुसरा लाडका शब्द. शाळांत त्यासाठी ‘टाकाऊपासून टिकाऊ’ प्रदर्शने भरतात. शिक्षक वाचकांना हे चित्र ओळखीचे असेल: प्लॅस्टिकच्या बाटलीची फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर. बाटली टाकाऊ असते एवढेच. तिला सजवायला लागणारा चकाकी कागद, फोमची शीट, मणी, ग्लू गन हे सगळे नवे, बाजारातून आणलेले. काड्यासुद्धा आता स्टेशनरीच्या दुकानात पाकिटाने मिळतात, आइस्क्रीम खावे लागत नाही. शनिवारी बक्षीस मिळते, सोमवारी फुलदाणी कचऱ्यात. मुलांचा यात काहीच अपराध नाही. वस्तू वापरायची कशासाठी, हा प्रश्न सोडून आपण फक्त ती दिसते कशी, हे त्यांना विचारतो.

म्हणून मी नववीच्या मुलींना प्रदर्शनाऐवजी एक निबंध दिला: माझ्या ईदच्या कपड्याचे पुढे काय झाले? त्या वह्या वाचण्यात माझ्या दोन संध्याकाळी मजेत गेल्या. फ्रॉक मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे, तिथून खालाच्या मुलीकडे. मग त्याची उशीची खोळ. खोळ फाटली की फरशी पुसायचे फडके, त्यातला बरा तुकडा चुलीजवळचे मसोते, आणि शेवटी अब्बांच्या लूमवर तेल पुसायला. एकीने तर दादीच्या गोधडीतला प्रत्येक तुकडा कोणाचा, ते ओळीने लिहून काढले होते. त्यात वारलेल्या काकांचा शर्टही होता. पण दहा-बारा मुलींचे निबंध चार ओळींतच संपले. ड्रेस ऑनलाइन मागवला, ईदच्या दिवशी घातला, टिकल्या टोचत होत्या, आता कपाटात आहे. त्या कपड्याचे पुढे काही होणारच नव्हते. नेट आणि चकाकी, फडके म्हणूनसुद्धा ते पाणी टिपत नाही.

गोधडीवरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे हे नाव आपल्या ओळखीचे आहे. यांची कहाणी निराळी. यांतल्या अनेकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते, आणि तिथून पळून ते या जंगलांत आले. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. पाठीला जुनी साडी. शिवण सुरू होते कडेपासून, आणि साध्या धावदोऱ्याने कडेकडेने फिरत आत मध्याकडे जाते. वाटेत हातात येईल तो तुकडा दुमडून लावायचा. आधी आराखडा नाही, मोजपट्टी नाही. मुसलमान बायका कधी त्यात चंद्रकोर घालतात, ख्रिस्ती बायका क्रूस. सगळे झाले की चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांशिवाय गोधडी उघडी, म्हणजे नागवी, असे त्या मानतात. ऊब तर फुलांशिवायही तेवढीच मिळते. पण अंगावर घ्यायच्या जुन्या चिंध्यांनाही लाज झाकायचा हक्क आहे, अशी काहीतरी ही समजूत असावी. हेन्री ड्र्युअल या अमेरिकन कला-अभ्यासकामुळे या गोधड्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांपर्यंत पोचल्या.

आपल्याकडच्या गोधडीला, वाकळीलाही आता बाजार आला आहे. शहरातल्या दुकानांत ती ‘अपसायकल’ या नावाने चांगल्या किमतीला विकली जाते. वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मात्र दोन प्रश्न विचारावेत. शिवणारीला त्यातले किती मिळाले? आणि गोधडी खरोखर जुन्या कापडाची आहे, की जुनी दिसावी म्हणून नवे कापड कापून केली आहे? दुसरा प्रकार मी स्वतः पाहिला आहे.

इथे माझ्याच वर्गातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मी मालेगावात शिकवते. निम्म्या मुलींच्या घरी कोणी ना कोणी लूमवर आहे. कपडे कमी घ्या, जास्त दिवस वापरा, असे मी सांगायचे, आणि त्यांच्या अब्बांची रोजी तर लोकांनी कपडा घेण्यावर! आधीच यंत्रमागाचे दिवस बरे नाहीत. विजेचे दर, सुताचे चढउतार, आठवड्यातून काही दिवस बंद राहणारे कारखाने, हे आमच्याकडे रोजचेच. एका मुलीने मला हे तोंडावर विचारले, आणि तिचे बरोबर होते.

मी तिला जे सांगितले ते असे. टाकून दिला जाणारा तो चकाकीचा ड्रेस बहुतेक वेळा तुझ्या अब्बांच्या मागावर विणलेला नसतो. आमच्याकडचे कोरे कापड रंगाई-छपाईला राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जाते आणि साध्या घरांतल्या साड्या, अस्तरे, परकर होऊन वापरून वापरून विरते. जो कपडा शेवटच्या धाग्यापर्यंत वापरला जातो त्याला नव्याची गरज पुन्हा लागतेच. विणकराला मारते ती काटकसर नव्हे, त्याला मारतो भाव पाडणारा बाजार. तिचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. माझे पूर्ण झालेले नाही. कमी पण चांगले कापड, त्याला योग्य दाम, हे बोलायला सोपे आहे; महिन्याच्या शेवटी ज्याच्या हातात सहाशे रुपये आणि समोर तीन मुले आहेत तो दोनशेचाच ड्रेस घेणार, आणि त्याला नावे ठेवायचा अधिकार मला नाही.

जुने कपडे देण्याविषयी मात्र मी ठामपणे बोलू शकते. रमजान आला की आपण कपाट उपसतो आणि नको ते गाठोडे बांधून मोलकरणीला, यतीमखान्याला देऊन टाकतो. सवाबही झाला आणि कपाटही रिकामे झाले. अमरावतीत जन्मलेल्या उर्दू लेखिका वाजिदा तबस्सुम यांची ‘उतरन’ ही कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे गाठोडे पुन्हा सहज बांधता येणार नाही. हवेलीतल्या मुलीचे उतरलेले कपडे घालून वाढलेली नोकराणीची मुलगी त्यात आहे. प्रत्येक जोड्याबरोबर तिच्या मनात काय साठत जाते, ते वाजिदांनी दाखवले आहे. ती सूड कसा घेते हे कौटुंबिक मासिकात सांगण्यासारखे नाही, पण सूड समजण्यासारखा आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडले होते. सर्वस्व गेलेल्या कोळ्यांनीही ते घेतले नाहीत. अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ या संस्थेने ते गोळा केले, निवडले आणि वापरात आणले. या संस्थेची पद्धत मला पटते. गावाने आपल्यासाठी विहीर खोदायची, रस्ता दुरुस्त करायचा, आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपडे घ्यायचे. कपडा कष्टाचा होतो, भीक राहत नाही. जे घालण्याजोगे नाही त्याचे स्वच्छ सुती तुकडे करून गरीब बायकांसाठी पाळीच्या दिवसांतल्या घड्या शिवतात. या विषयावर बोलायला आपण अजून लाजतो, त्या संस्थेने त्यावर काम केले. अंशू गुप्तांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

द्यायचेच तर धुऊन, बटण तुटले असेल तर लावून, इस्त्री करून द्यावे. बटण लावण्याइतकाही कपडा आपल्याला मोलाचा वाटत नसेल तर तो दान नाही, कचरा आहे, आणि आपण तो दुसऱ्याच्या दारात टाकतो आहोत. युरोपने घानाशी केले तेच.

कोणी म्हणेल, ईदला तरी मुलांना नवे घालू द्या. जरूर. सूरह आराफच्या 31 व्या आयतीत इबादतीच्या वेळी आपली शोभा धारण करा असे सांगितले आहे, आणि त्याच आयतीत इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नको असेही सांगितले आहे. दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. ईदला आपल्याकडचे उत्तम कपडे घालावेत, ही शिकवण आहे. उत्तम म्हणजे दरवेळी दुकानातून आलेलाच, असे तिच्यात कुठे नाही.

शिंपीकामात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जे दोन बोटे जादा कापड सोडतात ते. मूल वाढले की शिवण उसवून ती माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. रेडिमेड कपडा उलटा करून पाहा: शिवणीला लागूनच कापून वरून दोरा मारलेला असतो, माया नसतेच. कापड वाचवले जाते ते कंपनीचे. म्हणून यंदा जमले तर लहानांसाठी तरी सुती कापड घेऊन टेलरकडे जा. बाजूला आणि बाहीत माया ठेवायला सांगा, फ्रॉकचा खालचा घेर चार बोटे आत दुमडून घ्या, उरलेला तुकडा मागून घ्या, पुढे बाही जोडायला लागतो. टेलर कुरकुर करील. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तर तो तुम्हाला दारातूनच परत पाठवील. तेव्हा शाबानमध्येच गेलेले बरे.